काळ्याशेजारी नेव्ही ब्लू चालतो का?

या वेळच्या पत्रांमध्ये एक शब्द इतक्यांदा आला की वाचता वाचता मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारत गेले. ‘चालेल का?’ काळ्यावर निळा चालेल का, चौकड्यावर फुलं चालतील का, या वयात लाल चालेल का. हे सदर लिहायला लागण्याआधी मी ३१ वर्षं कापड बेतलं आणि शिवलं. ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून हाच प्रश्न विचारायचं, आणि विचारताना आरशात बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायचं. मला त्याचं फार वाईट वाटायचं. एवढा मोठा आरसा समोर असताना!

म्हणून नियम कानावर आला की मी आधी त्याचं मूळ शोधते. काही नियम कापडाने घातलेले असतात. ते मोडले की कापडच कुरकुरतं, ओढलं जातं, झोळ धरतं. काही डोळ्याच्या सवयीचे असतात, ते उजेडात तपासून घ्यावेत. आणि बरेचसे माणसांनी एकमेकांना आपापल्या पायरीवर उभं ठेवण्यासाठी केलेले असतात. ते मोडताना मी कुणाचीही परवानगी घेत नाही. आता पत्रं.

प्रश्न : ताई, माझं एक नेव्ही ब्लू जॅकेट आहे, मला फार आवडतं. ते काळ्या पँटवर घालून ऑफिसला गेलो तर एक वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले, “अंधारात कपडे घातलेत का?” तेव्हापासून जॅकेट कपाटात आहे. काळा आणि नेव्ही ब्लू एकत्र घालायचाच नाही, असं खरंच असतं का? (वय ३४)

उत्तर : जॅकेट आजच बाहेर काढा. नियमामागे कारण आहे, पण त्या कारणावर उपायही आहे.

दोन गडद रंग एकमेकांच्या फार जवळचे असले की बघणाऱ्याला वाटतं, याला एकच रंग घालायचा होता आणि जमला नाही. मंद उजेडात तर हमखास. शिवाय एक गोष्ट आहे जी मला धंद्यात वीस वर्षं झाल्यावर कळली, आणि कळली तेव्हा फार आनंद झाला. पॅरिसमधल्या गोबेलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात १८२४ मध्ये शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे तक्रार आली की निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना वापरायचा काळा रंग फिका पडतो, त्यात दम नाही. त्यांनी दुसरीकडून उत्तम काळी लोकर आणून आपल्या काळ्याशी ताडून पाहिली. आपला काळा कुठेच कमी नव्हता. शेजारी निळा आला की काळा दुबळा दिसायचा, एवढंच. दोष रंगाचा नव्हता, शेजाराचा होता. यावर त्यांनी पुढे १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

तुमच्या पँटचंही हेच झालं असणार. काळी पँट दोन वर्षं धुतली की विटते, तिच्यात तपकिरी झाक येते. पांढऱ्या शर्टाखाली ती कुणाच्या लक्षातही येत नाही, पण नेव्ही ब्लू शेजारी आला की तो तिचं सगळं विटलेपण चव्हाट्यावर आणतो. तेव्हा या जोडीसाठी पँट नव्या काळ्याची हवी. दुसरं, दोन्ही कापडांचा पोत वेगळा ठेवा. जॅकेट खरबरीत लोकरीचं असेल तर पँट गुळगुळीत घ्या. पोत वेगळा दिसला की हे दोन वेगळे कपडे मुद्दाम घातलेत, हे सांगावं लागत नाही. तिसरं, मध्ये फिका शर्ट येऊ द्या आणि काळा रंग आणखी एकदोन ठिकाणी आणा, म्हणजे बूट आणि पट्टा. जे दोनदा दिसतं ते चुकून आलेलं वाटत नाही.

आणि कपडे खिडकीत नेऊन बघा. दिवसाच्या उजेडात एकदा, दिव्याखाली एकदा. तीन काळे कपडे शेजारी शेजारी ठेवलेत तर एक लालसर, एक हिरवट, एक निळसर दिसेल. दिव्याखाली ती झाक आणखी बदलते. याच कारणाने वेल्सच्या राजपुत्राने, म्हणजे पुढे जे आठवे एडवर्ड झाले त्यांनी, १९२० च्या दशकात संध्याकाळचा सूट काळ्याऐवजी मध्यरात्रीच्या आकाशासारख्या गडद निळ्या रंगात घालायला सुरुवात केली. दिव्यांच्या उजेडात तो निळा काळ्यापेक्षा जास्त काळा दिसतो. तुमच्या वरिष्ठांना हे सांगायची गरज नाही. जॅकेट घालून जा, पुरे.

प्रश्न : मी अंगाने जाड आहे. लहानपणापासून आडवे पट्टे घालू दिले नाहीत, आधी आईने, मग दुकानदारांनी, मग माझं मीच. आता पन्नाशी आली. एक आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट मी दोन महिने दुकानाच्या काचेतून बघते आहे. घेऊ का? (वय ५१)

उत्तर : घ्या. आणि मला आधी एक कबुली देऊ दे. तुम्हाला ज्यांनी अडवलं त्या रांगेत मीही उभी आहे. कितीतरी बायकांना मी आडव्या पट्ट्यांचं कापड परत न्यायला लावलं. “उभे पट्टे घ्या, बारीक दिसाल,” असं अगदी खात्रीने सांगायचे. मला शिकवणाऱ्यांनी तेच शिकवलं होतं आणि मी कधी तपासलं नाही. त्यातली एक माझ्या मनातून जात नाही. पिवळे-पांढरे पट्टे होते, तिने कापडाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि काही न बोलता गेली.

खरं काय आहे ते ऐका. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ च्या ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच दिसतो आणि उभ्या रेघांनी भरलेला रुंद. आपण मानतो त्याच्या बरोबर उलट. बायकांच्या झग्यावरचे आडवे पट्टे उंची वाढवतात, हेही त्यानेच लिहिलं. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर टॉम्प्सन यांनी हे माणसांच्या आकृतींवर तपासलं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलं : आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसत नाही.

इथेच थांबले तर मी पुन्हा अर्धवट सांगितल्यासारखं होईल. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हा बारीक दिसण्याचा भास सडपातळ आकृतीवर चांगला टिकतो, भरलेल्या आकृतीवर तेवढा टिकत नाही. म्हणजे पट्टे तुम्हाला बारीक करतील असं वचन मी देणार नाही. पण तुम्ही बारीक दिसायचं विचारलंच नव्हतं. तुम्ही टी-शर्ट घेऊ का असं विचारलं होतं, आणि इतक्या वर्षांनी विचारलं होतं.

आता कापडाचं बघू, कारण पट्ट्यांत खरी फसगत कापडामुळे होते. ताणणारं पातळ कापड घट्ट बसलं की पट्टे छातीवर आणि पोटावर वाकतात. सरळ रेघ वाकली की डोळा तिच्या मागोमाग जातो, आणि बघणाऱ्याला गोलाई मोजून दिल्यासारखी होते. टी-शर्ट एक माप सैल आणि कापड जरा जाड, घट्ट विणीचं घ्या. पट्टे सरळ राहतील. मग कुशीची शिवण बघा. पुढचा आणि मागचा पट्टा शिवणीवर एकमेकांना भिडतो का? भिडत नसेल तर तो टी-शर्ट घाईत बेतलाय, दुसरा बघा. आणि घेर कुठे संपतो तेही बघा : खालची कड सगळ्यात रुंद जागी येऊ नये, चार बोटं वर किंवा खाली असावी. हा नियम मात्र पट्ट्यांना, ठिपक्यांना, साध्या रंगालाही लागू आहे.

फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये आपल्या खलाशांच्या आतल्या सदऱ्याचं माप कागदावर ठरवून दिलं होतं. २० मिलिमीटरचे २१ पांढरे पट्टे, मध्ये १० मिलिमीटरचे निळे. तो सदरा धिप्पाड, बारीक, बुटका, उंच सगळ्यांनी घातला. कुणाच्या अंगाकडे बघून तो वाटला गेला नव्हता.

प्रश्न : चौकड्याचा शर्ट आणि फुलाफुलांचा स्कर्ट, दोन्ही माझे लाडके. एकत्र घातले तर मैत्रीण म्हणते डोळे दुखतात. (वय २६)

उत्तर : मैत्रीण खोटं बोलत नसेल. दोन नक्ष्या एकाच आकाराच्या आणि एकाच जोराच्या असल्या की डोळ्याला बसायला जागा मिळत नाही. माझ्या टेबलावर उरलेल्या तुकड्यांचा ढीग असायचा आणि त्यात कधी कधी दोन तुकडे असे शेजारी पडायचे की मी हातातलं काम ठेवून बघत बसायचे. का छान दिसतात, याचा शोध घेता घेता एवढं सापडलं : एक नक्षी मोठी असते आणि दुसरी बारीक, इतकी बारीक की चार पावलांवरून साध्या रंगासारखी वाटावी. आणि दोन्हींत एखादा रंग अगदी तोच असतो. तसाच नव्हे, तोच. फुलाच्या देठातला हिरवा आणि चौकड्यातली हिरवी रेघ खिडकीत धरून जुळवा.

तुमचा स्कर्ट मोठ्या फुलांचा असेल तर शर्ट बारीक चौकड्याचा हवा. शर्टही मोठ्या चौकड्याचा असेल तर हट्ट करू नका, मध्ये एक साधं विणलेलं स्वेटर घाला, नुसती कॉलर आणि बाहीची कड बाहेर दिसू द्या. कधी कधी नक्षीचं एक बोटभर दर्शन पुरतं. आणि ठिपके ज्याला त्याला सामील होतात. सुरुवात त्यांच्यापासून केलीत तरी चालेल, मैत्रिणीलाही सवय होईल.

प्रश्न : सोन्याचं आणि चांदीचं एकत्र घालू नये म्हणतात. माझं घड्याळ चंदेरी, अंगठी सोनेरी. (वय ४०)

उत्तर : घाला. कार्तिए या पॅरिसच्या प्रसिद्ध जवाहिऱ्याने १९२४ मध्ये वेगवेगळ्या रंगांच्या धातूंची तीन कडी एकमेकांत गुंतवून एक अंगठी केली, ती आजही विकली जाते. एकच चंदेरी वस्तू एकटी पडली तर राहून गेल्यासारखी वाटते, म्हणून दुसऱ्या हातात किंवा कानात तिला जोडीदार द्या.

प्रश्न : ताई, मला लाल बूट घ्यायचे आहेत. मऊ चामड्याचे, चपट्या टाचेचे. सून म्हणते, “आई, या वयात लाल? लोक काय म्हणतील?” तिचं मन दुखवायचं नाही, पण बूट डोळ्यांसमोरून हलत नाहीत. (वय ६७)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मला राग आला. सुनेचा नव्हे, ती प्रेमाने बोलली असेल. राग आला तो ‘या वयात’ या दोन शब्दांचा. साठी उलटली की माणसाला राखाडी, बदामी आणि मोतिया एवढेच रंग वाटून दिले जातात, जणू बाकीचे परत जमा करायचे असतात.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात लाल टाचांचे बूट ही मोठ्या मानाची खूण होती, आणि ते बूट पुरुष घालायचे. १७०१ मध्ये रिगो या चित्रकाराने काढलेलं राजाचं मोठं चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. राजाची तेव्हा साठी उलटलेली होती. झगा बाजूला घेऊन, पाय पुढे करून तो उभा आहे आणि टाचा लालभडक आहेत. त्याला कुणी या वयात म्हटलं नाही, कारण लाल कुणी घालायचं हे तोच ठरवत होता. हा मी सुरुवातीला म्हटला तो तिसऱ्या प्रकारचा नियम आहे. लाल रंगात वयाचं काहीही नाही.

एवढंच बघा : लाल निवडताना तुमच्या नेहमीच्या कपड्यांकडे लक्ष द्या. तुम्ही राखाडी आणि निळं जास्त घालत असाल तर डाळिंबी लाल घ्या. तपकिरी, बदामी घालत असाल तर विटकरीकडे झुकणारा. पिशवी लाल घ्यायची अजिबात गरज नाही. बुटाशी पिशवी जुळवायची पद्धत मी स्वतः कधीच सोडून दिली आहे, जुळवलं की बूट गणवेशाचा भाग वाटतो. आणि बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात. सुनेला सोबत न्या. दुकानात तुमच्या पायात ते बूट बघितल्यावर ती काय म्हणते ते मला जरूर कळवा.

प्रश्न : तुम्ही एवढे नियम मोडायला सांगता, मग एखादा नियम तुम्ही स्वतः पाळता का? (वय सांगितलेलं नाही)

उत्तर : कापडाचे सगळे पाळते.

उभा धागा पायाच्या मधोमध आला नाही तर पँटचा पाय धुतल्यावर पिळवटतो. तो कुठल्याही इस्त्रीने सरळ होत नाही. म्हणून पँट घेताना मी ती दुमडून उभ्या धाग्यावर बोट फिरवते. उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून, बेतलेला झगा मी हँगरला टांगत नाही, तो आपल्याच वजनाने लांबतो, आणि सगळीकडून सारखा लांबत नाही. पातळ कापडावर जड पिन लावत नाही. लावायचीच असेल तर आतून कापडाचा एक तुकडा ठेवते. नव्या कोटाच्या मागच्या कापावर फुलीचा टाका असतो, तो दुकानापर्यंत घडी नीट राहावी म्हणून घातलेला असतो. तो काढून टाकायचा असतो. बाहीवर कंपनीची पट्टी असेल तर तीही. या टाक्यासकट फिरणारी माणसं मला रस्त्यात दिसतात आणि माझी बोटं शिवशिवतात, पण अनोळखी माणसाला थांबवून कसं सांगणार? म्हणून इथे सांगते.

प्रश्न : माझे बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांचा लोकरीचा राखाडी कोट मी ठेवून घेतला आहे. मला तो घालायचा आहे, रोजच्या कपड्यांवर. आत्या म्हणाली मुलीच्या अंगावर पुरुषी कोट विचित्र दिसतो, आणि तू बुटकी आहेस. शिंपी म्हणतो खांदे कापून लहान करू. काय करू? (वय २२)

उत्तर : बाळ, पहिल्यांदा शिंप्याला थांबव. खांदा हा कोटाचा सगळ्यात अवघड भाग असतो. आत भरण असते, बाही त्यात वळण देऊन बसवलेली असते. तो उघडला की कोट पुन्हा पहिल्यासारखा बसेलच असं नाही, आणि हा कोट दुसरा मिळणार नाही.

आत्याचं मन राखून सांग की मुलीने पुरुषी कपडे घालायचे नाहीत, असा पॅरिसमध्ये १८०० साली पोलिसांचा हुकूमच निघाला होता. पँट घालायची तर बाईने परवानगी काढायची. सरकारने तो रद्दबातल असल्याचं स्पष्ट केलं २०१३ मध्ये, दोनशेहून जास्त वर्षांनी. तोवर तो पाळणं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. त्याच शहरात इव्ह साँ लोराँ या फॅशन डिझायनरने १९६६ मध्ये पुरुषांचा संध्याकाळचा सूट बायकांसाठी बेतला होता.

बुटक्या माणसाने मोठा कोट घालू नये, हे अर्धं बरोबर आहे. सगळंच मोठं असलं तर आत माणूस हरवतो. पण कोट मोठा आणि बाकी सगळं अंगाबरोबर असं केलंस तर कोट दुसऱ्याचा आहे हे दिसतं आणि आत तू आहेस हेही दिसतं. खाली सरळ, अरुंद पँट घाल. आत पातळ, गळ्याशी बसणारं काहीतरी. खांद्याची शिवण तुझ्या खांद्याच्या खाली दोन बोटं उतरली तर उतरू दे. चार बोटं उतरली तर आतून खांद्याची भरण थोडी जाड लावून घे, कापड न कापता.

बाही लांब पडणार. तीही कापू नकोस. कोट उलटा कर आणि बाहीच्या टोकाशी आत किती माया, म्हणजे दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडली आहे ते बघ. जुन्या लोकरी कोटांमध्ये बहुतेक भरपूर असते. बाही आत दुमडून हव्या लांबीवर कच्च्या टाक्याने धर, अस्तराच्या बाजूने, टाका बाहेर दिसू देऊ नकोस. महिनाभर घालून बघ. लांबी पटली तर तेव्हा पक्की टीप मार, पण आतलं कापड तसंच राहू दे.

बटणं आहेत तशीच उजव्या बाजूला ठेव. मुलींच्या कोटाची डावीकडे असतात म्हणून कुणी बदलायला सांगेल. नको. लावताना पहिले काही दिवस हात चुकेल, मग सवय होईल. एखादं बटण सैल झालं असेल तर त्याच रंगाच्या दोऱ्याने लाव, आणि खाली देठ सोड, म्हणजे बटण आणि कापडामध्ये दोऱ्याची थोडी उंची ठेव. लोकर जाड असते, देठ नसला तर काजाशी कापड ओढलं जातं.